शाळेची बातमी घरापर्यंत, घरची बातमी शाळेपर्यंत : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, महापालिकेची, मराठी माध्यमाची, पहिली ते चौथीची. पालकांमध्ये कुणी यंत्रमागावर आहे, कुणी घरी विड्या वळतं, कुणी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जातं, कुणाची रिक्षा आहे, कुणाचा भाजीचा गाडा. जूनपासून एप्रिलपर्यंत गेटवर, फोनवर, बाजारात भेटल्यावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहिले आहेत. शेजारच्या ताईंना वाचता येत नसेल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे आमचं निम्मं काम तुम्हीच केलंत.

शाळेत काय चाललंय ते आम्हाला कुठे कळणार?

तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे गेटच्या आत डाव्या हाताला असलेला वार्ताफलक. सुट्टी, सभा, तपासणीला येणारे डॉक्टर, खिचडीत आज काय आहे, हे सगळं त्यावर रोज सकाळी खडूने लिहिलं जातं. लिहिण्याचं काम चौथीच्या मुलांकडे आहे. बाई फक्त शुद्धलेखन बघतात.

दुसरं, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. फलकाचा फोटो त्यावर येतो. पण आम्ही ग्रुपच्या भरवशावर बसत नाही. बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तो वडिलांच्या खिशात असतो आणि वडील पाळीवर असतात. रात्री घरी येईपर्यंत निरोप शंभर ‘शुभ सकाळ’च्या खाली गेलेला असतो.

तिसरं ठिकाण आम्हाला सगळ्यांत भरवशाचं वाटतं, ते म्हणजे तुमचं मूल. शेवटच्या तासाला ‘घरी काय सांगायचं’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम असतो. बाई निरोप मराठीत सांगतात, मग दोन-तीन मुलं तोच निरोप घरच्या भाषेत म्हणून दाखवतात. कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये, कुणी दखनीत. तारीख किंवा वेळ चुकली तर बाकीची मुलंच ओरडून दुरुस्त करतात. दुसरीतली मुलगी ‘अम्मा, गुरुवारी सभा आहे, तू यायचंस’ हे तेलुगूत ठणकावून सांगते तेव्हा आई येतेच, हे आम्ही बघितलंय. म्हणून एक विनंती आहे. मूल घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं’ हे विचाराच, पण त्याआधी ‘आज काय सांगायला सांगितलंय’ हे विचारा. आणि सांगत असेल तेव्हा हातातलं काम दोन मिनिटं थांबवून त्याच्याकडे बघून ऐका.

परिपाठात मुलं बातम्या सांगतात म्हणे. कसल्या बातम्या?

परिपाठात राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत म्हणून आलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा आणि संविधानाची प्रास्ताविका होते. मग सुविचार, दिनविशेष, आणि नंतर बातम्या. आमच्याकडे रोज दोन बातम्या असतात, एक पेपरातली आणि एक गल्लीतली. पेपरातली बातमी मोठ्या वर्गातलं मूल वाचतं. गल्लीतली कुणीही सांगू शकतं, पहिलीतलंसुद्धा.

मुलांना गल्लीतली बातमी जास्त आवडते, आणि आम्हालाही. ‘आमच्या बोळात काल रात्री दीडला नळ आला’, ‘आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता ते मला ओळखतात’, ‘कारखाना आठवडाभर बंद आहे, पप्पा घरी आहेत.’ या शेवटच्या बातमीवरून आम्हाला कळतं की त्या घरी सध्या ओढाताण आहे. वहीसाठी किंवा सहलीच्या पैशांसाठी आम्ही त्या मुलाला चारचौघांत विचारत नाही. शाळेकडे येणारी ही बातमी शाळेतून जाणाऱ्या बातमीइतकीच मोलाची आहे.

बातमी सांगणाऱ्याला वर्गाने चार गोष्टी विचारायच्या असा नियम आहे : काय झालं, कुठे झालं, कधी झालं, आणि तू पाहिलंस की ऐकलंस? घरातलं भांडण, कुणाचं आजारपण लपवायचं असेल ते, कुणाची निंदा, हे बातमीत येत नाही. असं काही मुलाला सांगायचंच असेल तर बाईंना एकटं सांगायचं.

‘पाहिलंस की ऐकलंस’ या प्रश्नावर आम्ही इतका भर का देतो, हे पालकांनीही समजून घ्यावं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या दिवसांत फोनवरून मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या. तसले निरोप आजही दर वर्षी-दोन वर्षांनी ग्रुपवर येतात. असा निरोप आला तर पुढे पाठवू नका. आधी शाळेत फोन करा. आठ वर्षांच्या मुलाला जो प्रश्न विचारता येतो तो आपल्यालाही विचारता आला पाहिजे.

नळाच्या दिवशी मुलीला घरी ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. हे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न फार वेळा येतो आणि विचारणाऱ्या आईची अडचण खरी असते.

उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून जलवाहिनीने शहरात येतं आणि घरोघरी काही दिवसांआड सुटतं. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कळशा, घागरी, पिंपं घेऊन धावायचं असतं. हजेरीवर नजर टाकली की आम्हाला न सांगता कळतं, आज कुठल्या बोळात पाणी आलंय. आणि गैरहजर कोण, तर बहुतेक मुली. तिसरी-चौथीतली मुलगी दर पाच दिवसांनी एक दिवस घरी राहिली तर महिन्याला चार-पाच दिवस गेले. गणितातला हातच्याचा धडा ज्या दिवशी झाला नेमका त्या दिवशी ती नव्हती, आणि पुढचे सगळे धडे त्याच्यावर उभे असतात.

म्हणून आमचं म्हणणं असं : पाणी भरा आणि मग पाठवा. परिपाठ झाला असेल, पहिला तास संपला असेल, तरी पाठवा. उशिरा आलेल्या मुलीला दारात उभं करणार नाही, कारण विचारणार नाही, हजेरी लावू. आणि घरात मुलगा असेल तर एक घागर त्यालाही द्या.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. मराठी शाळा मुलाला जड जाईल का?

पहिले दोन-तीन महिने मूल गप्प असतं. घाबरू नका. ते ऐकत असतं. आमच्या निम्म्याअधिक मुलांची हीच कथा आहे आणि दिवाळीनंतर त्यांना गप्प करावं लागतं. घरी मुद्दाम तोडकंमोडकं मराठी बोलू नका. तेलुगूत गोष्टी सांगा, भरपूर सांगा. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसऱ्या भाषेतही ती लवकर सांगता येते. आपल्या शहरात महापालिकेच्या मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्याही शाळा आहेत. तुमचा निर्णय त्यातल्या एखाद्या शाळेचा झाला तरी आम्ही पत्ता सांगू, रस्ता दाखवू.

प्रवेशासाठी काय काय आणायचं?

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला आणा. नसेल तर दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकाचं लेखी निवेदन. कागद कमी आहे म्हणून शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कुणाचाही प्रवेश अडवता येत नाही. आधार नसेल तरी प्रवेश होतो, ते नंतर काढू. असेल तर मात्र नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळवून घ्या. ‘लक्ष्मी’चं एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं स्पेलिंग असेल तर पुढे बारावीपर्यंत ते निस्तरावं लागतं. फी नाही. पुस्तकं आणि गणवेश मोफत. मुलाची परीक्षा किंवा मुलाखत होत नाही.

आम्हाला रे नगरला घर मिळालंय. वर्षाच्या मध्येच दाखला काढावा का?

जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीजवळच्या रे नगरातली पहिली १५,००० घरं कामगारांना मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतोय. त्याआधी विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीच्या वेळीही पूर्व भागातली कितीतरी कुटुंबं अशीच तिकडे गेली. स्वतःच्या पक्क्या घराची बातमी मूल परिपाठात सांगतं तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. आणि मग आम्हाला कळतं की हे मूल आता जाणार.

तिकडे राहायला गेलात तर तिकडच्या शाळेत घाला. सहा-सात वर्षांच्या मुलाने रोज एवढ्या लांबून रिक्षाने ये-जा करू नये. मात्र आधी तिकडच्या शाळेत जाऊन बोला, मूल बसायला लागू दे, आणि मग आमच्याकडून दाखला घ्या. मधल्या काळात मूल घरी बसलं की ते बसूनच राहतं, ही आमची सगळ्यांत मोठी भीती. दाखला यायचा राहिला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. कुणी नाकारलाच तर आम्हाला फोन करा, आम्ही बोलू.

वर्षअखेर जवळ आली असेल, फेब्रुवारी-मार्च असेल, तर आजी-मामांकडे ठेवून इथेच वर्ष पूर्ण करता आलं तर उत्तम.

आमचा पट कमी होतो त्याचं काय? होतो. कायद्यातल्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना ३ शिक्षक असं गणित आहे. म्हणजे एका मुलाच्या जाण्याने शिक्षक हलू शकतो. पण ती काळजी आमची. तुमच्या मुलाला घराजवळ शाळा मिळणं त्याहून महत्त्वाचं आहे.

खिचडी चांगली असते का? घरचा डबा दिला तर चालेल?

डबा द्या, हरकत नाही. पण शाळेतलं जेवणही खाऊ द्या. शासनाचं प्रमाण पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पिशवीतून नेलेला असेल. आता शिजवलेलं अन्न मिळतं आणि सगळी मुलं एका ओळीत बसून जेवतात.

मुलांना वाढण्याआधी एक शिक्षक चव घेतो आणि वहीत लिहून सही करतो. पालकांनाही चव घेता येते, त्यासाठी आधी कळवायची गरज नाही. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी या, ताटली घ्या आणि जे वाटलं ते स्वतःच्या हाताने वहीत लिहा. ‘डाळ पातळ’ असं एका आजींनी लिहिलं होतं, ते तसंच वाचून पुरवठा करणाऱ्या बचत गटाला दाखवलं.

विडी कामगारांच्या मुलांना पैसे मिळतात ते कसे?

केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पहिली ते चौथीसाठी वर्षाला १,००० रुपये, पुढच्या वर्गांना जास्त. आईकडे किंवा वडिलांकडे विडी कामगाराचं ओळखपत्र हवं, बँक खातं आधारला जोडलेलं हवं, उत्पन्नाचा दाखला हवा. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. कागद शाळेत आणलेत तर अर्ज आम्ही बसून भरून देतो. बाहेर कुणाला शंभर-दोनशे रुपये मोजू नका. मुदत सुरू झाली की वार्ताफलकावर मोठ्या अक्षरात लिहू.

आणि एक कळकळीचं सांगणं. पानं कापायला, विड्या वळायला लेकरांना बसवू नका. तंबाखूची धूळ त्यांच्या छातीत जाते आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात खोकत, पेंगत बसतात.

१२ जानेवारीला मुलांना चार पुतळ्यांजवळ का नेता? त्याच आठवड्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा असते, मुलं थकतात.

थकतात हे खरं. तरीही नेतो. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्यानंतर चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. ही चार नावं एका दमात म्हणून बघा. आमच्या वर्गाची हजेरीही अशीच असते. मुलांना ते सांगावं लागत नाही. पुतळ्यांखालची नावं वाचताना तीच बोटं दाखवतात, ‘हे आमच्यातले, ते तुमच्यातले’, आणि मग बाई म्हणतात, चौघंही सोलापूरचे.

गड्ड्याच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या यात्रेची स्थानिक सुट्टी असेल ती फलकावर येते. सुट्टी संपल्यावर एक तास फक्त गड्ड्याच्या बातम्यांचा असतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, सात नंदीध्वज, अक्षता सोहळ्याची गर्दी, होम मैदानावरचे पाळणे. कधी लिहायचा कंटाळा करणारी मुलंही त्या दिवशी पानभर लिहितात. मुलाला गर्दीत नेताना त्याच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आषाढीत शाळेची छोटी दिंडी निघते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते, त्या सुमारास. पोशाख घरातलाच चालतो, भाड्याने आणू नका.

व्यवस्थापन समितीत आम्ही असू शकतो का? शिक्षण फार नाही.

शिक्षणाची अट नाही. समितीत चारांतले तीन सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच होतो. मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचा खर्च, खिचडी, गणवेश, शिक्षक वेळेवर येतात का, हे सगळं समितीने बघायचं असतं. सभा महिन्याला. आम्ही ती संध्याकाळी ठेवतो, म्हणजे दिवसपाळीचे लोक येऊ शकतात. इतिवृत्त सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो. अंगठा देणाऱ्या आईलाही आपण कशावर अंगठा देतोय हे कळलंच पाहिजे.

शिक्षक मारत असतील तर कुणाला सांगायचं?

मारण्याला कायद्याने बंदी आहे. मनाला लागेल असं बोलण्यालाही. आधी मुख्याध्यापकांना भेटा. तिथे समाधान झालं नाही तर समितीच्या अध्यक्षांना. मुलांसाठी व्हरांड्यात तक्रारपेटी आहे, ती समितीतल्या एका आईसमोरच उघडली जाते. रात्री-अपरात्री, घरातला किंवा बाहेरचा कुठलाही त्रास असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन नंबर आहे. तो प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलाय. ‘बाईंना मारायची परवानगी आहे, दोन ठेवून द्या’ असं काही वडील प्रेमाने सांगून जातात. कृपया असं सांगू नका, मूल शेजारी उभं असताना तर नकोच.

उन्हाळ्यात शाळेची वेळ बदलते का?

हो, मार्चपासून सकाळची शाळा. नेमकी वेळ आदेश आला की फलकावर. पाण्याची बाटली आणि टोपी द्या. उपाशी पाठवू नका, भाकरी-चटणी खाऊन आलं तरी पुरे. शेंगाचटणी तर आपल्या गावचीच.

स्नेहसंमेलनाचे फोटो सगळीकडे टाकले तर चालतील?

आपल्या मुलाचे खुशाल टाका. दुसऱ्याच्या मुलाचे त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नको.

आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत. शाळेसाठी काही करता येईल का?

तुमचं काम दाखवायला या. शनिवारी दप्तराविना शाळा असते, तेव्हा एक तास आम्ही पालकांसाठी मोकळा ठेवतो. एका मुलाचे आजोबा आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात होते. ते एक जुना धोटा (मागावर आडवा धागा नेतो तो) आणि चादरीचा अर्धवट विणलेला तुकडा घेऊन आले. धोटा आधी हातोहात फिरला. झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड, टोकाला लोखंड. मग त्यांनी तुकडा उलटा केला आणि मुलांना म्हणाले, नक्षी मागून बघा, पुढे जिथे पांढरं तिथे मागे लाल आहे की नाही? उभे धागे मोजायला लावले. एका बोटाच्या रुंदीत किती, तर पूर्ण चादरीत किती? तिसरीतल्या मुलांनी फळ्यावर गुणाकार केला आणि उत्तर बघून वर्ग चाट पडला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे पुस्तकात वाचून सांगणं वेगळं, आणि ती विणणारा माणूस समोर बसलेला असणं वेगळं. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी परिपाठात बातमी सांगितली : ‘काल माझे आजोबा शाळेत शिकवायला आले होते.’ पाहिलंस की ऐकलंस, असं त्याला कुणी विचारलं नाही.

शिलाई, गवंडीकाम, कडक भाकरी, ढोलकी, रिक्षाचं इंजिन, जे येतं ते चालेल. फक्त विडीचं काम नको. नाव वर्गशिक्षिकेकडे द्या. पाळी कुठली असते तेही सांगा, म्हणजे झोपमोड होणार नाही असा शनिवार ठरवता येईल.